निळ्या उजेडातलं घूं

“दादा, समुद्र झोपला का रे?” पुठ्ठ्याच्या खडकाला बिलगून छोट्या शेपटाने अगदी हळू विचारलं.

रंगमंचावर हळूहळू निळसर अंधार पसरत होता. जहाज फुटून बेटावर अडकलेली मुलं एकमेकांना धरून बसली होती. नाटकातला सगळ्यात हळवा प्रवेश! नाटक बसवणाऱ्या शाळेच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसायला रुमाल बाहेर काढला.

आणि समुद्राने उत्तर दिलं.

“घूंऽऽऽऽऽऽ!”

एक मुलगी फिसकन हसली. मग दुसरी. मग अख्खं बेट हसत लोळायला लागलं. बाईंनी रुमाल पुन्हा पर्समध्ये कोंबला.

“आत्याऽऽ! परत आलं!” विंगेतून तुतारी ओरडली.

तिला तुतारी का म्हणतात हे वेगळं सांगायला नकोच. ती कुजबुजली तरी तिसऱ्या रांगेत ऐकू जायचं. म्हणूनच बाईंनी तिला नाटकात न घेता आवाजाच्या कामाला, तिच्या आत्याच्या हाताखाली दिलं होतं. शेपूट हा तिचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे मागे मागे जायचं, हा त्याचा सुट्टीतला एकमेव उद्योग. नाटकात काम मिळालं तेही असंच, ताईच्या मागे मागे येऊन!

आत्या मिक्सरवर वाकली होती. हा मिक्सर स्वयंपाकघरातला नव्हे बरं का! हा टेबलभर पसरलेला, त्यावर सरकत्या बटणांच्या रांगाच रांगा. सगळ्या माइकचे आवाज त्यात शिरायचे आणि मापात बसून दोन वायरींतून बाहेर पडायचे. एक वायर तिथेच उजव्या हाताच्या स्पीकरला, दुसरी रंगमंच ओलांडून पलीकडच्या डाव्या स्पीकरला. स्पीकर नवेकोरे होते. आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर त्यांच्या पोटातच होता, त्यासाठी वेगळा पेटारा लागत नसे. आत्याने ऑफिसातली नोकरी सोडून स्वतःचा ‘साउंड’ सुरू केला, तेव्हा सगळ्यात आधी हे दोघे घरात आले होते.

“ताई! हे काय चाललंय?”

दाणदाण पाय आपटत शिस्तकाका आले. ते या नाट्यगृहाचे व्यवस्थापक, आत्याला ते ‘ताई’ म्हणायचे. खुर्च्यांची रांग बोटभर वाकडी झाली तरी त्यांचं पोट दुखायचं.

“रोज घूं! रोज घूं! आज संध्याकाळी प्रयोग आहे. सगळ्यांचे आईबाप येणार. तुमचे ते स्पीकरचे डबे बिघडलेत, कबूल करून टाका ना!”

“काका, मी रोज सगळं तपासतेय,” आत्या म्हणाली. “पण तपासताना आवाज येतच नाही!”

“म्हणजे माझे कान बिघडले? हे बघा. दुपारी शेवटची रंगीत तालीम. तेव्हा पुन्हा घूं झालं, तर संध्याकाळी दुसरा साउंडवाला येईल. आणि इथून पुढे या हॉलचं सगळं काम त्याच्याकडेच जाईल. सांगून ठेवलंय मी त्याला!”

आत्याचे कान लालबुंद झाले. तुतारीला सगळं ठाऊक होतं. या हॉलचं काम हातचं गेलं, तर आत्याला पुन्हा त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर जाऊन बसावं लागणार होतं.

“मिक्सरच दगा देतोय बहुतेक,” आत्या गाडीची किल्ली शोधत म्हणाली. “मी माझ्या गुरुजींचा जुना मिक्सर घेऊन येते. तुतारे, तू इथेच थांब. नियम काय?”

“काहीही काढायच्या-घालायच्या आधी आवाज पूर्ण खाली! भिंतीतल्या विजेच्या प्लगला हात नाही! आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची!”

“शाब्बास. आणि जरा हळू बोल, कान फाटला माझा.”

आत्या गेली. मुलं डबे खायला पांगली. दिवे मालवले गेले आणि रंगमंचावर नुसता एक पिवळा कामचलाऊ बल्ब उरला.

“आपण शोधायचं!” तुतारीने जाहीर केलं.

“काय शोधायचं?” खडकामागून आवाज आला. हा मोजपट्टी, त्यांचा शेजारी आणि खास दोस्त. बेटाचे सगळे खडक त्यानेच कापले होते. त्याच्या खिशात कायम पोलादी टेप असायचा, आणि भेटेल त्या वस्तूला तो लावून बघायची त्याला खोडच होती. सुट्टी लागल्यापासून शेपूट पेरभरही वाढला नाही, हे त्याने दोनदा जाहीर केलं होतं आणि त्यावरून दोनदा मारामारीही झाली होती.

“घूं शोधायचं! आत्या यायच्या आत!”

तुतारीने मिक्सरची बटणं वर सरकवली. तिघांनी श्वास रोखला. काहीच नाही! दोन्ही स्पीकर अगदी शहाण्यासारखे गप्प.

“शेपट्या, तुझं वाक्य म्हण. ते म्हटलं की येतं.”

शेपूट खडकाला बिलगला. “दादा, समुद्र झोपला का रे?”

शांतता.

“अजून रडक्या आवाजात म्हण!”

“दाऽऽदा, समुद्र झोऽऽपला का रे?”

“आता तर खुर्च्यासुद्धा झोपल्या,” मोजपट्टी म्हणाला.

“मग मगाशी का आलं?” तुतारी वैतागली. “तोच माइक, तोच स्पीकर, तोच शेपूट!”

“पण मगाशी निळं होतं,” शेपूट म्हणाला.

“काय निळं होतं?”

“सगळंच! माझे पायसुद्धा निळे होते. आता पिवळे आहेत.”

तुतारी आणि मोजपट्टी एकमेकांकडे बघतच राहिले. खरंच की! आत्या रोज तपासायची ती याच वेळी, डबे खायच्या सुट्टीत. तेव्हा रंगमंचावरचे सगळे दिवे बंद असायचे!

“शेपट्या, तू हुशार आहेस रे!” तुतारीने त्याला उचलूनच घेतलं. आणि तिघं सुसाट पळाली.

हॉलच्या मागच्या बाजूला उंचावर एक खोली होती. तिथून दिवे लावणारा तो लाइटदादा. त्याच्या तोंडात घास होता.

“दादा, निळा लाव ना! मगासारखा! प्लीज!”

“अरे, जेवू द्या की माणसाला!” असं म्हणत त्याने डाव्या हाताने एक बटण अर्ध्यापर्यंत सरकवलं. रंगमंच निळा झाला.

“घूंऽऽऽऽ!”

“आलं! आलं! बंद कर!”

बटण खाली. शांतता.

“आता पूर्ण लाव!”

निळा उजेड लख्ख झाला. घूं नाही. पुन्हा अर्ध्यावर आणलं, पुन्हा घूं! भूत आता बाटलीत सापडलं होतं. हवं तेव्हा बाहेर काढा, हवं तेव्हा आत घाला!

“अरेच्चा!” लाइटदादा घास गिळायचाच विसरला. “हा माझा डिमर, लाइट कमी-जास्त करणारा. लाइट अर्ध्यावर ठेवला, की त्याच्या वायरी जराशा गुणगुणतात. पण ते कुणाला ऐकू येत नाही. साउंडच्या वायरी त्यांच्यापासून लांब ठेवल्या की झालं. आणि पहिल्या दिवशी मी पाहिलंय, तुमच्या आत्याने त्या लांबच ठेवल्या होत्या.”

“दादा, तू असाच अर्ध्यावर ठेव. आम्ही आलोच!”

“डबा संपेपर्यंतच हां!” लाइटदादा वरून ओरडला.

विंगेत परतल्यावर शेपटाला दोन्ही स्पीकरना कान लावायला पाठवलं. उजवा गप्प होता. घुमत होता तो डावाच!

“म्हणजे आरोपी तीन,” तुतारी म्हणाली. “डावा स्पीकर, मिक्सर, नाहीतर मधली वायर. एका वेळी एकच बदलायचं. आधी आवाज खाली!”

डाव्या स्पीकरमधली वायर काढली आणि स्पीकर नुसताच चालू ठेवला. अगदी चिडीचूप!

“स्पीकर निर्दोष!” मोजपट्टीने निकाल दिला.

वायर पुन्हा लावली. मग मिक्सरच्या मागे अदलाबदल केली. डावी वायर उजव्या भोकात, उजवी वायर डाव्या भोकात. मिक्सर खराब असता, तर घूं उजव्या स्पीकरमध्ये जायला हवं होतं. ते काही हललं नाही! डावीकडेच ठाण मांडून बसलं होतं.

“मिक्सरही निर्दोष! आत्या बिचारी उगाच गेली.”

“मग उरली वायर!”

पण वायरीपाशी आल्यावर तुतारीचा चेहरा पडला. आत्याचं सामान दुसऱ्यांच्या सामानात मिसळू नये, म्हणून ती प्रत्येक वायरीच्या टोकाला पिवळ्या लोकरीची गाठ बांधायची. मिक्सरकडच्या टोकाला पिवळी गाठ होती. धावत जाऊन बघितलं, तर स्पीकरकडच्या टोकालाही पिवळी गाठ होती. आत्याचीच वायर, आणि आत्याची वायर कधी खराब नसते!

“थांबा,” मोजपट्टी एकदम म्हणाला. “पहिल्या दिवशी ही वायर मागच्या पडद्याच्या मागून सरळ पलीकडे गेली होती ना? आठवतंय? दोन तुकडे जोडून कशीबशी पुरली. आत्या म्हणालीसुद्धा, हातभर कमी पडली असती तर वाट लागली असती.”

“हो!”

“आणि आता बघ!”

आता वायर मागून जातच नव्हती. विंगेतून ती एका पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या पट्टीत शिरत होती. झाकण लावलेली ती पट्टी विंगेची भिंत उतरून, रंगमंचाच्या पुढच्या कडेखालून, पार पलीकडची भिंत चढून डाव्या स्पीकरपाशी निघत होती. मोजपट्टीने टेप काढला. तो रांगत रांगत इकडून तिकडे गेला, मग पडद्यामागून परत आला. त्याचे गुडघे धुळीने माखले होते आणि डोळे चमकत होते.

“मागून सरळ गेलो तर एवढं. या पट्टीवरून गेलो तर जवळजवळ दीडपट! मग तीच वायर लांब कशी झाली? रबराची आहे का?”

“मध्ये कुणाची तरी दुसरी वायर आहे!” तुतारी किंचाळली.

“ए! कोण आहे तिकडे? पट्टीपासून लांब व्हा!” शिस्तकाका! ते तरातरा आले आणि पट्टीसमोर उभे राहिले. “हात लावाल तर याद राखा!”

आता काय? वायर बघायची, तर झाकण उघडायला हवं. झाकण उघडायचं, तर शिस्तकाका बाजूला व्हायला हवेत. तुतारीने दोघांना डोळा मारला आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती खरोखर हळू बोलली.

“काका, ही पट्टी कुणी बसवली हो? किती सरळ आहे!”

“मी टेप लावून पाहिली,” मोजपट्टी म्हणाला. “एक रेघसुद्धा इकडची तिकडे नाही!” आणि हे शंभर टक्के खरं होतं.

शिस्तकाकांच्या कपाळावरच्या आठ्या विरघळल्या. “मी! दुसऱ्याच दिवशी स्वतः बसवली! तुमच्या आत्याने वायरी कशा सोडल्या होत्या, पाहिल्यात ना? लाइटची वायर पुढे, साउंडची मागे, सगळा गबाळा कारभार! मी सगळ्या एकत्र घेतल्या, छान गठ्ठा बांधला आणि पट्टीत घातल्या. याला म्हणतात शिस्त!”

“पण मग आत्याची वायर पुरली कशी?” शेपटाने निरागसपणे विचारलं.

“तिथेच तर डोकं लागतं, बाळा! पूर्वी हॉलचे जुने स्पीकर होते, त्यांची वायर माळ्यावर पडून होती. तुमच्या वायरीचा मधला जोड काढला आणि दोन तुकड्यांच्या मध्ये ती टाकली. पिन तशीच, भोक तसंच. वायर म्हणजे वायर!”

“बघू ना, काका! आम्हालाही शिकायचंय!”

शिस्तकाकांनी मोठ्या अभिमानाने झाकण उघडलं. आत लाइटच्या जाडजूड वायरींना चिकटून, प्लास्टिकच्या बंदांनी करकचून बांधलेली एक करडी वायर होती. तिच्या टोकाला लोकर नव्हती. तुतारीने जोड उपसून पिना शेजारी शेजारी धरल्या.

“हे बघा काका! आत्याच्या पिनेवर दोन काळ्या रिंगा आहेत. तुमच्या पिनेवर एकच!”

“मग? एका रिंगेने काय आभाळ कोसळतं?”

“कोसळतं! रिंग वेगळी म्हणजे वायरच वेगळ्या जातीची. तुमच्या जुन्या स्पीकरना आवाज आधी अॅम्प्लिफायरमध्ये मोठा होऊन मग वायरीतून यायचा. म्हणजे ओरडत यायचा. ओरडणाऱ्याला शेजारच्या गुणगुणीचं काय? पण आत्याच्या स्पीकरमध्ये अॅम्प्लिफायर पोटात असतो. वायरीतून जाते ती नुसती कुजबुज! म्हणून आत्याच्या वायरीला आतून तारेच्या जाळीचं कवच असतं. या करड्या वायरीला कवचच नाही. आणि तुम्ही तिला लाइटच्या वायरींच्या मांडीवर नेऊन बसवलंत!”

शिस्तकाकांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी खाडकन झाकण लावलं. “आता ही चिमुरडी मला शिकवणार! प्रयोगानंतर बघू. चला, पळा!”

प्रयोगानंतर? तोवर सगळा खेळच संपला असता! तुतारी जागची हलली नाही.

“ठीक आहे काका. करडी वायर काढून बघू. ती निर्दोष असेल, तर घूं तरीही येईल. तसं झालं, तर तुम्ही जिंकलात. आमची आत्या तालमीची वाटही न बघता सामान उचलेल!”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. आत्याला न विचारता तिने आत्याचं काम पणाला लावलं होतं!

“ठरलं!” शिस्तकाका हसले. त्यांना आपल्या वायरीबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

मग काय विचारता! आवाज खाली. करडी वायर बाहेर. आत्याचे दोन तुकडे पुन्हा एकमेकांना जोडले आणि पडद्यामागून सरळ पलीकडे नेले. शेपूट टोक धरून पळाला आणि मिक्सरच्या अलीकडेच थांबला.

“ताई, पुरत नाहीये!”

मोजपट्टीने धावत येऊन टेप लावला. “वीतभरच! पहिल्या दिवसानंतर टेबल सरकलंय, ते परत ढकला!” तिघांनी मिळून जड टेबल ढकललं. खट्! पिन बसली.

“लाइटदादाऽऽ! निळा! अर्धा!”

यासाठी माइकची गरजच पडली नाही. रंगमंच निळा झाला. तुतारीने डोळे घट्ट मिटले आणि बटण वर सरकवलं. वर, आणखी वर.

काही नाही.

तिने एक डोळा उघडला. शिस्तकाका डाव्या स्पीकरपाशी गेले. त्यांनी स्पीकरच्या जाळीला कान लावला. मग दुसरा कान लावला. “तुम्ही आवाज चढवलाच नसेल!” ते म्हणाले.

“काका, समुद्र झोपला का हो?”

शेपटाने माइकमध्ये नुसतं कुजबुजून विचारलं होतं. ते थेट शिस्तकाकांच्या कानात शिरलं, आणि काकांनी अशी उडी मारली की त्यांचा चष्मा पुठ्ठ्याच्या खडकावर जाऊन पडला! मागे लाइटदादा डबा वाजवून हसत सुटला.

“हे काय? माझी वायर अशी जमिनीवर कुणी काढली?”

दारात आत्या उभी होती. जुना मिक्सर तिने छातीशी धरला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. तिघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. निळा उजेड, करडी वायर, दीडपट, एकच रिंग! आत्याने मिक्सर खाली ठेवला, करडी वायर हातात घेतली आणि मटकन खुर्चीत बसली.

“मी रोज दोन्ही टोकं बघत होते,” ती म्हणाली. “माझी लोकर दिसली की निश्चिंत व्हायचे. पण मधे त्या पट्टीत काय आहे, ते मी उघडून बघितलंच नाही.”

शिस्तकाकांनी चष्मा उचलला, पुसला, पुन्हा पुसला. मग शर्टाची कॉलर सरळ केली.

“ताई, घूं तुमचं नव्हतं. माझं होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं मी. चुकलो.”

“आणि आम्ही पैज जिंकलो!” शेपूट आनंदाने ओरडला.

“कसली पैज?”

तुतारीने खाली मान घालून सगळं सांगितलं. आत्याचे डोळे मोठे झाले. “माझं काम पणाला लावलंस? आणि हरली असतीस तर?”

“एका वेळी एकच गोष्ट बदलली होती, आत्या. हरणार नव्हते.”

आत्याने तिला जवळ ओढलं. ती हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. बहुतेक दोन्ही.

दुपारची तालीम झकास झाली, आणि संध्याकाळी हॉल खचाखच भरला. निळा उजेड हळूहळू अर्ध्यावर आला, तेव्हा तुतारीने मिक्सरच्या टेबलाची कड घट्ट धरली. मागच्या पडद्याआड शिस्तकाका उभे होते. जमिनीवरच्या त्या वाकड्यातिकड्या वायरीवर कुणाचा पाय पडू नये, म्हणून ते प्रयोगभर तिथेच पहारा देत होते. ती सरळ करायला त्यांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते.

“दादा, समुद्र झोपला का रे?”

शेवटच्या रांगेपर्यंत एकही खुर्ची करकरली नाही. कुठेतरी एक आई मुसमुसली. बाईंनी रुमाल काढला, आणि या वेळी तो डोळ्यांपर्यंत पोहोचला!

“जमलं!” असं ओरडावं, इतकं तुतारीच्या मनात आलं, की तिने ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला. पडदा पडेपर्यंत तिने तो बाहेर काढला नाही. तिच्यासाठी हे घूं शोधण्यापेक्षाही अवघड होतं.

टाळ्या थांबेनात. बाईंनी तिघांना रंगमंचावर बोलावलं. “आज तुम्ही जी कुजबुज ऐकलीत, ती या तिघांमुळे!” त्या म्हणाल्या. पाठोपाठ शिस्तकाका आले. त्यांनी माइक हातात घेऊन घसा साफ केला.

“माझ्या हॉलमध्ये आजपासून दोन नियम,” ते म्हणाले. “एक, साउंडच्या वायरीला ताईंना विचारल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही! आणि दोन, या हॉलचा साउंड यापुढे ताईच बघतील. दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही.”

“आत्याऽऽऽऽऽ! ऐकलंस काऽऽऽऽ!”

पहिल्या रांगेने कान झाकले. दुसऱ्या रांगेनेही झाकले. विंगेतल्या आत्याने घाईघाईने तुतारीच्या माइकचं बटण खाली ओढायला हात नेला, आणि मग ती पोट धरून हसायला लागली. तुतारीच्या हातात माइक नव्हताच.